कमानीचे पैसे आणि चित्रकलेचा तास

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटे दिली आहेत आणि विषयही त्यांनीच ठरवून दिला आहे. गेली बावीस वर्षे मी मुंबईत एका फाउंडेशनच्या कार्यालयात अनुदानाचे अर्ज वाचण्याचे काम करते. कला आणि वंचित मुले-मुली या दोन विषयांचे अर्ज माझ्या टेबलावर येतात. आपल्या बॅचने दहा लाख रुपयांचा निधी जमवला आहे आणि जेवणानंतरच्या बैठकीत त्याचे काय करायचे ते ठरणार आहे. तेव्हा संयोजक म्हणाले, ‘तू लोकांना पैसे देतेस, तर आपल्या पैशांचे काय करावे तेही सांग.’ मी लोकांना पैसे देत नाही. दुसऱ्यांचे पैसे कुणाला द्यावेत याची शिफारस करते. तरी या कामात जे पाहिले, ते आज आपल्या उपयोगी पडेल असे वाटते.

बैठकीपुढे तीन सूचना आहेत. पहिली, प्रवेशद्वारावर दगडी कमान. दुसरी, दोन वर्गांत डिजिटल फळे. तिसरी सूचना माझी आहे: शाळेत पाच वर्षे चित्रकलेचा आणि इतर कलांचा नियमित तास चालावा, त्यासाठी हा निधी वापरावा. तिसरी सूचना ऐकून ग्रुपवर बरेच हसरे चेहरे आले. एकाने लिहिले, ‘आधी पोटोबा, मग विठोबा.’ त्याचे उत्तर मी शेवटी देणार आहे. तोवर त्याने झोपू नये एवढीच विनंती.

आधी शाळेचे आजचे चित्र सांगते. मुख्याध्यापक सरांशी दोनदा बोलले आणि गेल्या महिन्यात एक दिवस वर्गांत बसले. आपल्या वेळी या शाळेत वकिलांची, व्यापाऱ्यांची, कारकुनांची आणि कामगारांची मुले एका बाकावर बसत. ज्यांना परवडते त्यांची मुले आता इंग्रजी शाळेत जातात. आज इथे आहेत ती एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगारांची, धुणीभांडी करणाऱ्या बायांची, भंगार गोळा करणाऱ्यांची मुले. पाथर्डी-शेवगावकडची काही मुले अशी आहेत की आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मूल आजीजवळ राहते. ही मुले हुशार आहेत. सातवीतल्या एका मुलीने वहीच्या मागच्या पानावर उसाने भरलेला ट्रॅक्टर काढला होता. दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीवर बसलेली माणसे आणि त्यांच्यात एक लहान बाळ. चित्र कुणाला दाखवलेस, असे विचारले. ती म्हणाली, ‘कोणाला दाखवू? चित्रकलेला सर नाहीत.’

सर नाहीत याला ही शाळा एकटी जबाबदार नाही. आपल्याला चित्रकला शिकवणारे सर आठवतात ना? एटीडी, एएम झालेले, पूर्णवेळ, हातात कायम खडूची धूळ. आज राज्यातल्या कितीतरी शाळांत असे शिक्षक निवृत्त झाले की जागा रिकामीच राहते. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीची शंभराहून अधिक मुले असलेल्या शाळेसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. अंशकालीन म्हणजे मानधनावर, थोड्या तासांसाठी. मग वेळापत्रकात ‘चित्रकला’ लिहिलेले असते आणि त्या तासाला गणिताचा राहिलेला भाग होतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा कला संचालनालय आजही घेते. इंटरमिजिएटला ‘अ’ श्रेणी मिळाली तर दहावीला सात गुण वाढतात, ‘ब’ला पाच आणि ‘क’ला तीन. ज्यांचे पालक खासगी क्लासची फी भरतात त्यांना ते मिळतात. भंगारवाल्याच्या मुलीला ते सात गुण कुठून मिळणार?

आता माझ्या कामाकडे वळते. अनुदानाच्या अर्जात एक रकाना असतो, ‘लाभार्थी संख्या’. त्याच्या शेजारी दुसरा, ‘प्रति लाभार्थी खर्च’. दप्तरे वाटली, पाण्याची टाकी बांधली, तर हे रकाने छान भरतात. कलेचे तसे होत नाही. वस्तीतल्या वीस मुलांना दोन वर्षे नाटक शिकवायचे तर खर्चाला वीसने भागावे लागते आणि आकडा मोठा दिसतो. मग अर्ज करणारी संस्था शहाणी होते. पुढच्या वर्षी ती लिहिते, ‘दोन हजार मुलांसाठी भव्य चित्रकला शिबिर.’ खर्च माणशी शंभर रुपये. मंजूर! एका दिवसात दोन हजार मुलांना काय शिकवणार? खडूचे डबे वाटायचे, टोप्या घालायच्या, बॅनर लावायचा आणि फोटो काढायचा. मुले घरी जातात, खडू चार दिवसांत संपतात.

2013च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले. 1 एप्रिल 2014पासून ते लागू आहे. त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात शिक्षण आहे, आरोग्य आहे आणि कला-संस्कृतीही आहे. म्हणजे कायद्याची आडकाठी नाही. अडचण कॅलेंडरची आहे. खर्चाचा हिशेब 31 मार्चला मिटवायचा असतो, आणि मूल काही 31 मार्चला तयार होत नाही.

एक उदाहरण सांगते, नावे सांगत नाही. एका शहरातल्या वस्तीत मुलींना छायाचित्रण शिकवण्याचा प्रकल्प होता. पहिले तीन महिने मुली कॅमेरा हातात घ्यायला घाबरत होत्या, पडला तर भरपाई द्यावी लागेल म्हणून. सहाव्या महिन्यात त्या नळावरची रांग, आईचे हात, गच्चीवर वाळणारे पापड असे फोटो काढू लागल्या. नवव्या महिन्यात प्रदर्शन झाले, पाहुणे आले, वर्तमानपत्रात बातमी आली. दहाव्या महिन्यात देणगीदाराने विषय बदलला, त्या वर्षी त्यांना पर्यावरण हवे होते. कॅमेरे कपाटात गेले. मी अखेरच्या भेटीला गेले तेव्हा एका मुलीने विचारले, ‘ताई, आमचे फोटो त्यांना आवडले नाहीत का?’ ती चौदा वर्षांची होती. देणगीदाराचे धोरण बदलले हे तिला कसे समजावणार? तिला एवढेच कळले की आपण कुठेतरी कमी पडलो.

मित्रांनो, या एका प्रश्नामुळे मी आज इथे उभी आहे. गरीब मुलाच्या हातात काही द्यायचे आणि मध्येच काढून घ्यायचे, त्यापेक्षा न दिलेले बरे. द्यायचे असेल तर मुदत आधी ठरवून, ती मुदत पाळून द्यावे. रक्कम लहान असली तरी चालते.

कुणी म्हणेल, हे मुंबईचे फॅड नगरला कशाला? आता जिल्हा अहिल्यानगर झाला, पण आपल्या तोंडी नगरच येते. तर या नगरला ही गोष्ट मुळीच नवी नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथे अमेरिकन मराठी मिशनची एक शाळा होती, तिचे नाव सर डी. एम. पेटिट स्कूल ऑफ इंडस्ट्रियल आर्ट्स. सर दिनशॉ माणेकजी पेटिट हे मुंबईचे पारशी गिरणीमालक आणि दानशूर. त्यांचे नाव नगरच्या शाळेला लागले. 1899-1900च्या मोठ्या दुष्काळानंतर मिशनकडे अनाथ मुले मोठ्या संख्येने आली, तेव्हा अशा शाळांत सुतारकाम, धातुकाम, विणकाम शिकवले गेले. त्याच काळात अमेरिकेत इंजिनिअर झालेले डी. सी. चर्चिल नगरला आले आणि त्यांनी हातमाग सुधारण्याचे प्रयोग इथे केले. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे कुणी नाकारत नाही. पण दुष्काळातून वाचलेल्या मुलाला फक्त धान्य देऊन भागणार नाही, त्याच्या हाताला कसब द्यायला हवे, हा विचार आपल्या गावात तेव्हा झाला होता. पैसा मुंबईच्या पारशाचा, शिकवणारे अमेरिकन आणि शिकणारी आपल्या दुष्काळी भागातली मुले.

मुंबईतही तेच. सर जमशेटजी जीजीभाय यांनी 1853मध्ये एक लाख रुपये देऊ केले आणि त्यातून 1857मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट उभे राहिले. त्या एक लाखात जमशेटजींना स्वतःच्या नावाची मोठी कमान बांधता आली असती. त्यांनी शाळा काढली, म्हणून पावणेदोनशे वर्षे होत आली तरी त्यांचे नाव रोज घेतले जाते. कमानवाल्यांनी याचा विचार करावा.

आपल्या जिल्ह्यातले आणखी एक नाव, दया पवार. अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. संगमनेरला वसतिगृहात राहून शिकले. 1978मध्ये ग्रंथालीने त्यांचे ‘बलुतं’ काढले आणि मराठी साहित्य हादरले. त्या पुस्तकामुळे फोर्ड फाउंडेशनसारख्या जगातल्या मोठ्या संस्थेने त्यांची दखल घेतली आणि 1990मध्ये पद्मश्री मिळाली. सन्मान मोठेच होते. पण मला नेहमी वाटते की ते शेवटी आले. आधी काय लागले? संगमनेरचे ते वसतिगृह. ते नसते तर धामणगावचा मुलगा शाळेत टिकला नसता आणि फोर्ड फाउंडेशनला दखल घ्यायला कुणी मिळाले नसते. मोठ्या संस्था पिकलेल्या फळाची दखल घेतात. रोपाला पाणी गावातल्याच कुणीतरी घालावे लागते.

पाणी घालण्याचे सर्वांत सुंदर मराठी उदाहरण म्हणजे पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई. आपण पुलंच्या कॅसेट ऐकत वाढलो. पण ‘पु. ल. देशपांडे प्रतिष्ठान’ने काय केले हे त्या मानाने कमी बोलले जाते. लोकांना हसवून मिळवलेला पैसा त्यांनी समाजाच्या कामाला लावला. 1986मध्ये अनिल आणि अनिता अवचट यांनी पुण्यात व्यसनी तरुणांसाठी मुक्तांगण सुरू केले, त्यामागे पुलं-सुनीताबाईंचा आर्थिक आधार होता. पुढे पुण्याच्या आयुकात मुलांसाठी विज्ञान शोधिका उभी राहिली, तिथेही सुनीताबाईंनी देणगी दिली आणि त्या वास्तूला ‘पुलस्त्य’ नाव मिळाले. गर्दच्या विळख्यात सापडलेला मुलगा आणि स्वतःच्या हाताने प्रयोग करू पाहणारा मुलगा, दोघांसाठी एकाच घरातून पैसे गेले. कला वेगळी, समाजकार्य वेगळे, असे कप्पे त्या घरात नव्हते. अमेरिकेतल्या मराठी माणसांच्या महाराष्ट्र फाउंडेशननेही साहित्य आणि समाजकार्य या दोन्हींचे पुरस्कार दिले. कविता लिहिणारी बाई आणि वस्तीत काम करणारा कार्यकर्ता एकाच मंचावर बसतात. मला हे फार बरोबर वाटते.

हा झाला इतिहास. आता आपल्या गावातली आजची गोष्ट, जी पुष्कळांना ठाऊक नसेल. संजयनगर आपल्याला ‘झोपडपट्टी’ म्हणून माहीत आहे. शाळेत असताना आपण तिथून सायकल दामटत जायचो. तिथल्या 298 कुटुंबांना जागच्या जागी पक्की घरे देण्याचा प्रकल्प हाती घेतला गेला. प्रधानमंत्री आवास योजना, महापालिका, आपली स्नेहालय संस्था, अमेरिकेतले करी स्टोन फाउंडेशन आणि मुंबईची कम्युनिटी डिझाइन एजन्सी असे सगळे त्यात आले. स्नेहालय 1989पासून नगरमध्ये लालबत्ती भागातल्या स्त्रिया आणि मुलांसाठी काम करते, वस्त्यांत बालभवने चालवते, हे इथे वेगळे सांगायला नको. संजयनगरच्या कामातली मला महत्त्वाची वाटणारी बाब अशी, की आर्किटेक्ट नकाशा घेऊन आले नाहीत. ते आधी लोकांशी बोलले. कोण ओट्यावर बसून काम करते, कुणाची शेळी आहे, शेजारी कोण हवे, हे विचारले आणि मग नकाशा केला. अशा विचारपूस करण्याला वेळ लागतो आणि वेळेला पैसे लागतात. सरकारी योजनेत घराच्या विटांना पैसे असतात, विचारपूस करायला नसतात. ते पैसे फाउंडेशनने दिले. चांगल्या अनुदानाची माझी व्याख्या हीच आहे: ज्याला दुसरे कुणी पैसे देणार नाही, पण ज्याच्याशिवाय काम नीट होणार नाही, त्याला पैसे द्यावेत.

याच कम्युनिटी डिझाइन एजन्सीने मुंबईत गोवंडीच्या नटवर पारेख वसाहतीत काम केले. शहरातल्या निरनिराळ्या प्रकल्पांत हटवलेल्या लोकांची ती पुनर्वसन वसाहत. इमारती इतक्या जवळजवळ की खालच्या घरांत दिवसा दिवा लावावा लागतो. मुंबईत ‘गोवंडी’ म्हटले की लोक नाक मुरडतात. नोकरीच्या अर्जावर तिथला पत्ता लिहायला मुले कचरतात. तिथे 15 ते 19 फेब्रुवारी 2023 असा पाच दिवसांचा ‘गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल’ झाला. ब्रिटिश कौन्सिलचे अनुदान होते, इंग्लंडमधल्या दोन कलासंस्था सोबत होत्या. वाचून वाटेल, आली परदेशी मंडळी, भिंती रंगवल्या, गेली. तसे झाले नाही. उत्सवाच्या आधी कित्येक महिने वसाहतीतली मुले-मुली कलाकारांबरोबर शिकत होती. कुणी छायाचित्रण, कुणी चित्रपट, कुणी नाटक, कुणी रॅप, कुणी भिंतीवरची चित्रे. वसाहतीत ‘किताब महल’ नावाचे वाचनालय आधीपासून होते, म्हणजे मुलांना बसायला हक्काची जागा होती. कागदी कंदिलांची मिरवणूकही निघाली आणि एरवी अंधाऱ्या राहणाऱ्या गल्ल्यांतून फिरली.

याला ‘समकालीन कला’ म्हणतात. शब्द जड आहे, घाबरू नका. समकालीन कला म्हणजे फक्त कोट्यवधींना विकले जाणारे कॅनव्हास नव्हेत. आजच्या माणसाने आजच्या जगण्याविषयी, हाताशी असलेल्या साधनाने केलेली गोष्ट. मोबाइलवरचे चित्रीकरण, रॅप, भिंतीवरचे चित्र, सगळे तिच्यात येते. सातवीतल्या मुलीने काढलेला उसाचा ट्रॅक्टर हीसुद्धा समकालीन कलाच. आपल्या वेळी परीक्षेत स्मरणचित्राला ‘पावसाळ्यातील दृश्य’ आले की आपण सगळे छत्र्या आणि डोंगर काढायचो. त्या मुलीने स्वतः पाहिलेले काढले आहे.

आता पोटोबावाल्या मित्राचे उत्तर. पोटोबा आधी, हे शंभर टक्के खरे. म्हणून तर शाळेत दुपारचे जेवण मिळते आणि ते मिळालेच पाहिजे. पण म्हणीत ‘मग विठोबा’ असेही आहे. ‘विठोबा फक्त श्रीमंतांसाठी’ असे नाही. आपली म्हण अर्धी म्हणायची सवय मोडायला हवी. आपल्या नातवंडांना आपण गिटार, कथक, चित्रकला असे तीन-तीन क्लास लावतो आणि त्याला सर्वांगीण विकास म्हणतो. हेच भंगारवाल्याच्या मुलीला मिळावे म्हटले की ते चोचले कसे होतात?

मी खोटी आश्वासने देणार नाही. या तासातून दया पवार निघतील असे मी म्हणत नाही. गुन्हेगारी इतक्या टक्क्यांनी घटेल, गळती थांबेल, असले आकडे मी अर्जांमध्ये पुष्कळ वाचले आहेत आणि त्यांवर माझा फारसा विश्वास नाही. बावीस वर्षांत जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगते. ज्या ठिकाणी आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, तोच माणूस येतो आणि मुलाने केलेले काम नीट पाहतो, तिथे मूल यायला लागते. पाहणारा कुणी आहे म्हटल्यावर ते अधिक लक्ष देऊन पाहू लागते. आपल्या सरांनी आपल्या चित्रावर लाल पेन्सिलीने केलेली एक खूण आपल्याला वर्षभर पुरायची. ती खूण या मुलांना मिळत नाही. बाकी सगळे वाटता येते, दप्तर, वह्या, टॅब. ती खूण वाटता येत नाही. तिच्यासाठी माणूस लागतो आणि माणसासाठी मानधन लागते.

म्हणून माझा हिशेब असा आहे. आठवड्याला दोन दिवस, दोन-दोन तास, वर्षाला चाळीस आठवडे. एकूण 160 तास. तासाला पाचशे रुपये मानधन धरले तर वर्षाला 80,000. चाळीस मुलांना कागद, रंग, ब्रश, माती, माणशी दीड हजार धरून 60,000. वर्षातून एक सहल, पुणे-मुंबईतले एखादे कलादालन किंवा नाटक पाहायला, 40,000. परीक्षेची फी, कपाट, अडीअडचण, 20,000. बेरीज दोन लाख. पाच वर्षांचे दहा लाख. पुढच्या वर्षांची रक्कम बँकेत मुदत ठेवीत राहील आणि वाढत्या महागाईला व्याज लागेल.

याबरोबर चार अटी मांडते.

पहिली, शिकवणारा माणूस नगरचाच असावा. इथे नाट्यस्पर्धा गाजवणारी मुले आहेत, कलाशिक्षणाची पदविका घेऊन फ्लेक्सच्या दुकानात काम करणारी मुले आहेत. त्यांच्यापैकी दोघांना हे काम द्यावे. त्यांनाही आधार होईल.

दुसरी, काय शिकायचे यात मुलांना विचारावे. एका सत्रात चित्र, दुसऱ्यात नाटक, तिसऱ्यात मोबाइलवर छोटा चित्रपट असे त्यांनी ठरवावे. निवड करताना ‘हुशार’ मुलांची यादी मागू नये. जो हात वर करेल तो येईल, जागा कमी पडल्या तर चिठ्ठ्या टाकाव्यात.

तिसरी, पैसा शाळेच्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात, स्वतंत्र शीर्षाखाली राहावा. दर सहा महिन्यांनी जमाखर्चाचा एक कागद सूचनाफलकावर लावावा, मुलांनाही वाचता येईल अशा अक्षरात. नवा ट्रस्ट काढण्याची घाई नको. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षीचे लेखापरीक्षण, प्राप्तिकराची प्रमाणपत्रे या सगळ्यात आपल्यातल्या तिघांचे आयुष्य जाईल आणि मुलांना रंग मिळणार नाहीत.

चौथी, पाच वर्षे कुणीही ‘परिणाम काय झाला’ म्हणून शिक्षकाच्या मानेवर बसू नये. वर्षातून एकदा आपण सगळ्यांनी इथे यावे, मुलांचे काम पाहावे आणि त्यांच्याशी बोलावे. एवढे परीक्षण पुरे.

परदेशातल्या मित्रमैत्रिणींसाठी एक व्यवहाराची गोष्ट. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी देणगी मानली जात नाही. ज्यांनी तिकडचे नागरिकत्व घेतले, त्यांची रक्कम मात्र विदेशी देणगी ठरते, ओसीआय कार्ड असले तरी. अशी रक्कम घ्यायला संस्थेकडे परकीय योगदान कायद्याखालची नोंदणी लागते आणि ती दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरावीक खात्यातच यावी लागते. 2020च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेली अशी देणगी दुसरीला देताही येत नाही. तेव्हा अमेरिकेतल्या नागरिक मित्रांनी गडबडीने डॉलर पाठवू नयेत, शाळा अडचणीत येईल. त्यांनी वेळ द्यावा. महिन्यातून एक शनिवार व्हिडिओवर या मुलांशी बोलावे, तिकडचे एखादे संग्रहालय मोबाइलवरून फिरवून दाखवावे. त्याला कुठल्याही कायद्याची परवानगी लागत नाही.

कमानीच्या बाजूने बोलणाऱ्या मित्रांचा मला राग नाही. त्यांना शाळेवर, गुरुजनांवर आपले प्रेम दिसावे असे वाटते. दगड टिकतो, हेही खरे. पण ज्या गुरुजनांची नावे त्या दगडावर कोरायची, ते आज पुढच्या रांगेत बसले आहेत. त्यांनी आपल्याला काय दिले? तास दिले. वेळापत्रकात नसलेले तासही दिले. त्यांचे ऋण तासांनीच फेडावे असे मला वाटते.

सर, बाई, तुम्हाला एक विनंती. दुपारच्या बैठकीत तुम्हीही बसा आणि तुमचे मत सांगा. मतदान हात वर करून होणार आहे, तुमचाही हात मोजला जाईल. आणि काहीही ठरले तरी मी जाण्यापूर्वी सातवीच्या त्या मुलीचे चित्र इथल्या फलकावर लावून जाणार आहे. मुख्याध्यापक सरांची परवानगी घेतली आहे, तिचीही घेतली आहे. जेवायला जाताना वाटेत आहे. दोन मिनिटे थांबून नीट पाहा.